लाइन गेली का?

पट्टी पुन्हा थांबली. अर्ध्याच्या जरा अलीकडे, कालही साधारण तिथेच थांबली होती. तिच्याखाली लिहून येणारा वेळ आधी पाऊण तास होता, बघता बघता तो तीन तास झाला, आणि मग संगणकाने वेळ सांगणंच सोडून दिलं. मेघा खुर्चीत मागे रेलली, लगेच पुन्हा पुढे वाकली. पट्टी हलत नाही हे दिसत असूनही डोळा तिच्यावरून हलत नव्हता. कूलरचा ओलसर वारा मानेवर येत होता, पण टाळू तापलेली होती. आठवडाभर हे असंच चाललं होतं. सकाळी काम उघडायचं, फाइल उतरवायला लावायची, आणि मग तिच्यासमोर बसून राहायचं. बसून राहण्याचाही शीण येतो हे तिला नव्याने कळत होतं. कोणी विचारलं, दिवसभर काय केलं, तर सांगता येण्यासारखं काही नसायचं, आणि तरी संध्याकाळी खांदे भरून यायचे.

पुण्याच्या एका शिकवणी कंपनीचं हे काम. मास्तरांचे रेकॉर्ड केलेले तास यायचे, तिने त्यांतली खरखर काढायची, खाली मराठी ओळी बसवायच्या आणि परत पाठवायचे. तिकडे भैरवी नावाची बाई होती, मेघापेक्षा वयाने लहानच असावी. ती कधी चिडून बोलायची नाही. फक्त "मेघा, काही अपडेट?" एवढंच लिहायची, आणि मेघा उत्तर लिहून पुन्हा खोडत बसायची. हा परीक्षेचा महिना होता. आजचा तास संध्याकाळपर्यंत गेला तर कायमचं काम मिळणार होतं. लग्नाआधी ती रामदासपेठेतल्या एका शाळेत शिकवायची, ते सुटलं. मग सासूबाईंचं आजारपण आलं, मग त्या गेल्या. मधली वर्षं कुठे गेली ते सांगता येत नाही. नवरा विक्रम चंद्रपूरला नोकरीला, शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. झिंगाबाई टाकळीच्या या घरात बाकीचे दिवस मेघा, हा संगणक आणि स्वयंपाकघरापलीकडच्या खोलीत नानाजी.

तिने सगळं करून पाहिलं होतं. ब्राउझर बदलला. आपोआप होणारे अपडेट बंद केले. नको असलेलं काढून टाकलं. टेबल खिडकीपाशी ओढलं, मग पुन्हा दाराजवळ आणलं. लोखंडी अलमारी आड येते असं कुठेतरी वाचून ती एकटीने सरकवली, तर फरशीवर ओरखडा उठला आणि वेग होता तेवढाच राहिला. बैठकीतल्या चपलांच्या मांडणीवर राउटर होता. तो बंद करायचा, थोडं थांबायचं, चालू करायचा, हे तर ती दिवसातून कितीदा करायची. चालू केल्यावर घटकाभर सगळं सुरळीत व्हायचं. पट्टी सरसर पुढे जायची, तिच्या छातीतलं काहीतरी सुटं व्हायचं, आणि मग पुन्हा कोणीतरी मागून पदर धरल्यासारखी ती पट्टी अडायची. काल तिने कंपनीला फोन लावला. पलीकडच्या माणसाने तिकडून काहीबाही तपासलं. "मॅडम, लाइन तो एकदम ठीक है. आपके घर में ही कोई चला रहा होगा. पुराना फोन दूर बैठके दिनभर चलता है ना, तो सबकी स्पीड खींच लेता है. घर में और कौन है?" मेघा म्हणाली, "एक बुजुर्ग हैं. वो नहीं चलाते." म्हणताना तिला जरा हसूच आलं. नानाजी आणि इंटरनेट!

मग राहिले वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. ते नवीन आले तेव्हा विक्रमनेच मोठ्या मनाने पासवर्ड देऊन टाकला होता. मेघाला ते तेव्हाच आवडलं नव्हतं. आता वर पावलं वाजली की तिला वाटायचं, हे पाऊल आपल्या फाइलवर पडतंय. जिन्यात भेटलेल्या त्या बाईच्या हसण्यातही तिला खोट दिसायला लागली. आपण अशा नव्हतो, असं तिच्या मनात यायचं, आणि त्या विचाराचाच तिला राग यायचा. अशा म्हणजे कशा? लहानपणी रामदासपेठेतल्या घरात दुपारी बाबा झोपले की आई ओठावर बोट ठेवायची. बाबा उठले तरी शांतता तशीच राहायची. ते वर्तमानपत्र समोर धरून बसायचे, आणि त्या कागदामागे ते कोणावर तरी नाराज आहेत हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायचं. कोणावर, ते संध्याकाळी कळायचं. तोवर प्रत्येकाने आपापली चूक शोधत बसायचं. ती सवय अंगात इतकी मुरली होती की गप्प माणूस दिसला की मेघा आपोआप दिवसाची उजळणी करायला लागायची. आपलं काय चुकलं?

नानाजी गप्प होते. सासूबाई होत्या तेव्हा हे कळायचं नाही, कारण त्या दोघांच्या वाटचं बोलायच्या. त्या गेल्यावर घरात नानाजींचं गप्प राहणं तेवढं उरलं. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी खापरखेड्याच्या वीज केंद्रात काढलेली, कंट्रोल रूममध्ये, मीटरच्या काट्यांवर नजर ठेवत. मेघाशी ते बोलायचे ते भिंतीकडे बघून, "चाय झाली असन तं..." एवढंच. जेवायला यायचे, ताट धुऊन ठेवायचे, आणि खोलीत जाऊन दार लोटून घ्यायचे. ती कानावर हेडफोन लावून दिवसभर बसते हे त्यांना पसंत नसणार, असं ती धरून चालली होती. पण गेल्या काही दिवसांत त्याहून वेगळंच काही तिच्या कानावर येत होतं. पाणी प्यायला ती स्वयंपाकघरात गेली की लोटलेल्या दारामागून हलका आवाज यायचा. "झोप थोडा वेळ. मी हाओ ना." मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग पुन्हा, "पाणी पेला का? पे." एकदा ती हातात पेला धरून तशीच उभी राहिली होती. सासूबाईंना शेवटी शेवटी पाणीसुद्धा आठवण करून द्यावं लागायचं. नानाजी अजून त्यांच्याशीच बोलतात, हे तिच्या लक्षात आलं आणि पाणी न पिताच ती परत फिरली. तिने विक्रमला फोनवर सांगितलं, रामदासपेठेत कुणा चांगल्या डॉक्टरला दाखवायला हवं. विक्रम म्हणाला, "म्हातारं माणूस आहे वं, बोलन एकटं. तू नको टेन्शन घेऊ." टेन्शन नको घेऊ म्हटल्यावर ते कुठे ठेवायचं असतं, हे मात्र कोणी सांगत नाही.

पट्टी हलत नव्हती. भैरवीचं प्रश्नचिन्ह येऊन पडलं होतं. मेघा उठली, राउटरपाशी गेली, आणि या वेळी तो नुसता बंद-चालू न करता परत येऊन तिने पासवर्डच बदलला. नवा शब्द टाइप करताना तिची बोटं जोरात पडत होती. बघू आता वरचे काय करतात. आणि खरंच झालं. संगणक पुन्हा जोडला, फाइल पुन्हा लावली, तर पट्टी अशी धावली की तिचा विश्वास बसेना. अर्धी झाली, अर्ध्याच्या पुढे गेली. मेघाच्या घशातून हसण्यासारखा आवाज निघाला. म्हणजे चोरच होते! आपण बरोबर होतो याचा केवढा आनंद असतो, जवळजवळ तहान भागल्यासारखा. तिने हेडफोन चढवले, उतरलेला भाग चालवून पाहिला, आणि गणिताच्या मास्तरांच्या आवाजात बुडाली.

केव्हातरी तिला दारात कोणी असल्याचं जाणवलं. नानाजी उभे होते. एक कान मोकळा करून ती वळली.

"लाइन गेली का?" त्यांनी चौकटीकडे बघत विचारलं.

"नाही नानाजी, लाइन आहे की. कूलर सुरू आहे ना."

नानाजींनी कूलरकडे पाहिलं. फिरणाऱ्या पंख्याकडेही पाहिलं. काहीतरी म्हणायला त्यांचे ओठ हलले, पण मेघाचा हात हेडफोनवर होता, आणि बहुधा तो त्यांनी पाहिला. "हव," ते म्हणाले, आणि गेले. तिने हेडफोन नीट केला. मास्तर सांगत होते, दोन्ही बाजूंनी सारखंच वजा करा. थोड्या वेळाने फाटक वाजल्यासारखं वाटलं. वाटलं असेल, म्हणून तिने सोडून दिलं.

पहिला भाग साफ करून झाला तेव्हा ती पाण्यासाठी उठली. दुसरा भाग उतरायला लावलेला, तोही धावत होता. स्वयंपाकघरात उभं राहून पाणी पिताना घराची शांतता तिला वेगळी वाटली. कशी ते तिला आधी कळेना. मग लक्षात आलं, पलीकडच्या खोलीतून आवाज येत नव्हता, आणि दार लोटलेलं नव्हतं, उघडं होतं. ती दाराशी गेली. नानाजी खोलीत नव्हते. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही, आणि खुंटीवरचा, डोक्याला गुंडाळायचा दुपट्टाही नव्हता. खिडकीच्या कट्ट्याला लागून खुर्ची, खुर्चीसमोर कट्ट्यावर विटेला टेकवून उभा केलेला विक्रमचा जुना फोन, काच तडकलेला, चार्जरला लावलेला. सिम काढून ठेवलेला हा फोन केव्हाच फेकला असेल असं तिला वाटत होतं. पडद्यावर एक ओळ येत-जात होती: पुन्हा जोडत आहे.

मेघा खुर्चीच्या पाठीला हात लावून उभी राहिली. खुर्चीवरची गादी मधोमध दबलेली होती. आपल्या खुर्चीसारखीच, हे तिने पाहिलं. कोणाशी जोडतोय हा? आपण दुसऱ्याच्या खोलीत आहोत, असं एकीकडे वाटत असताना तिने फोन उचलला आणि नवा पासवर्ड टाकला. ती ओळ गेली. आणि लगेच, जणू पलीकडे कोणी दारावर हात ठेवूनच उभं होतं, फोन वाजायला लागला. पडद्यावर नाव आलं, धोंडबा. तिने घेतला.

आधी नुसतं पत्र्याचं छत दिसलं आणि फिरणारा पंखा. मग खाटेची कड, आणि खाली, चौकटीच्या कोपऱ्यात, एका म्हाताऱ्या माणसाचं अर्धं तोंड, उशीवरून घसरून खाटेच्या बाजूला लोंबलेलं. "नाना? अबे कुठी मेला होता बे?" आवाज दबलेला, शब्द एका बाजूने निसटणारे.

"मी मेघा," ती म्हणाली. "नानाजींची सून. तुम्ही कोण?"

"धोंडबा वं. सावनेरचा. तो कुठी गेला? दिसून नाही राहिला तो मले."

नाव तिने ऐकलं होतं. सासूबाईंच्या गोष्टींत असायचे धोंडबा, नानाजींच्याच पाळीचे, खापरखेड्याला कितीतरी वर्षं शेजारच्या खुर्चीत. त्यांना लकवा झाल्याचंही कानावर आलं होतं, कुठल्यातरी कामाच्या गडबडीत, आणि ती "अरेरे" म्हणून पुढे गेली होती. आता ते तुकड्यातुकड्यांनी सांगत होते आणि तिच्या डोक्यात ते जुळत होतं. सून प्रेमिला दिवसभर अंगणवाडीत, मुलगा कोळशाच्या खाणीवर. एक बाजू गेलेली, डावा हात तेवढा चालतो. तेवढ्या हाताने सकाळी बटण दाबायचं, की इकडे नाना. मग दोघं बसून. घसरलं, ठसका लागला, तर नाना तिथून शेजारणीला फोन करणार. नाही तर नुसतं बसून. झोप थोडा वेळ, मी हाओ ना. पाणी पेला का? पे.

मेघा खुर्चीवर बसली, त्या दबलेल्या गादीवर. दिवसातून कितीदा आपण राउटर बंद केला? तेव्हा सावनेरच्या त्या खोलीत काय होत असेल? नानाजी उठून एकदाही का म्हणाले नाहीत? पण म्हणाले होते. आजच म्हणाले होते, दारात उभं राहून. लाइन गेली का?

"उशी सरकली," धोंडबा म्हणाले. "श्वास नाही घेता येऊन राहिला बराबर."

तिने एका हातात तो फोन धरून दुसऱ्या हाताने आपल्या फोनवरून नानाजींच्या खिशातल्या साध्या फोनवर लावला. वाजत राहिला, वाजत राहिला, मग इंजिनाच्या घरघरीत नानाजींचा आवाज आला. "कोण? बसमंदी हाओ मी."

"नानाजी, मी मेघा. धोंडबाकाका मला दिसून राहिले. उशीवरून घसरले आहेत. शेजारच्या बाईंना फोन करता का?"

पलीकडे नुसती घरघर. मग, "तिले केला म्या मघाशीच. ते लग्नाले गेली. घराले कुलूप. प्रेमिला उचलून नाही राहिली." मग बसच्या आवाजावरून ओरडून, "तू पाहून राहिली त्याले?"

"हो."

"मंग पाहत राय. मले पोचाले वेळ लागन. त्याले म्हण, डाव्या हातानं कड धर अन् टाच रोव. येते त्याले. फक्त तो आळशी हाय."

तिने म्हटलं. आधी हळू, संकोचाने, मग मोठ्याने. "काका, डावा हात. खाटेची कड धरा. धरली? आता टाच रोवा. रोवा ना! वर या, थोडं अजून." धोंडबांचा चेहरा तांबडा झाला, चौकटीतून नाहीसा झाला. पत्र्याचं छत, पंखा, आणि नुसता घोगरा श्वास. मेघा उभीच राहिली. आपण कुठे उभ्या आहोत, ही खोली कोणती, हे तिला कळेनासं झालं. तिचा स्वतःचा डावा हात खिडकीच्या गजाला घट्ट आवळलेला होता, टाच फरशीत रुतत होती. "काका?" उत्तर नाही. "काका, बोला काहीतरी!" मग चित्र हललं, अडखळलं, आणि त्यांचं पूर्ण तोंड समोर आलं, उशीवर, घामाने भिजलेलं, एका बाजूने हसणारं.

"नाना म्हणाला असन, मी आळशी हाओ म्हणून."

"म्हणाले," मेघा म्हणाली, आणि तिने खिडकीचा गज सोडला.

तिकडे दुसऱ्या खोलीत संगणकाने टुणकन आवाज दिला. फोन हातात धरूनच ती गेली. दुसऱ्या भागाची पट्टी अडली होती, अगदी रोजच्यासारखी. आता तिला कारण ठाऊक होतं, ते तिच्या हातातच होतं, तिच्याकडे बघत होतं. भैरवीने लिहिलं होतं, "मेघा, होतंय ना? संध्याकाळपर्यंत हवंच." मेघा उभ्याउभ्या त्या दोन पडद्यांकडे पाहत राहिली. ठीक तर झाले आहेत काका, आता नीट बसले आहेत. घटकाभर हे बंद केलं, फाइल उतरवून घेतली, पुन्हा लावलं, तर? असा हिशेब मनात झाला, अगदी स्पष्ट. आणि तेवढ्यात पडद्यावरचे डोळे मिटायला लागलेले तिने पाहिले. मान पुन्हा त्याच बाजूला कलत होती.

"काका, झोपू नका. नानाजी येईपर्यंत झोपायचं नाही."

"बरं वं," ते दचकून म्हणाले. "मंग बोल काहीतरी."

तिने एका हाताने भैरवीला लिहिलं, आज जमणार नाही, घरी अडचण आहे, उद्या सकाळी नक्की देते. उत्तर तत्काळ आलं, तसंच थंड, तसंच नीटनेटकं: ठीक आहे, काळजी घे, मोनाली मोकळी आहे, हा तास तिला देते, बाकीचं नंतर कळवते. मेघाने ते वाचलं. वाईट वाटलं, फार वाटलं. नंतर म्हणजे कधीच नाही, हे तिला कळत होतं. ती संगणकासमोरून वळली आणि नानाजींच्या खोलीत परत गेली, कारण तिथली खुर्ची फोनसमोर नीट मांडलेली होती.

"तुम्ही दोघं दिवसभर बोलत काहून नाही?" तिने विचारलं. बोलायला काहीतरी हवं होतं, आणि हेच मनात होतं. "मला तर कधी आवाजच येत नाही फारसा."

"काय बोलाचं?" धोंडबांना खरंच कोडं पडलं. "ड्युटीवर तरी कुठी बोलत होतो आम्ही? काट्याकडं पाहाचं, अन् बाजूचा जागा हाय का ते पाहाचं. झालं." मग थोडं थांबून, "तुयं नाव घेते तो कधी कधी. म्हणते, पोरगी लई काम करून राहिली, तिच्या खोलीकडं जाऊन कायले आवाज कराचा. म्हणून दार लोटून घेते."

मेघाने मागे वळून त्या उघड्या दाराकडे पाहिलं. बाहेर वरच्या मजल्यावरची बाई वाळलेले कपडे गोळा करत होती, तिच्या बांगड्या वाजत होत्या, आणि आता तिला काय सांगायचं, कशाबद्दल माफी मागायची, तिला तर पासवर्ड बदलल्याचंही ठाऊक नसेल. धोंडबा डोळे उघडे ठेवून होते. अधूनमधून ती म्हणायची, "काका?" आणि ते म्हणायचे, "हाओ." मधे प्रेमिलाने केलेल्या कुठल्याशा भाजीत मीठ जास्त झाल्याची तक्रार त्यांनी केली, मेघाने तिच्या बाजूने वाद घातला. ऊन खिडकीतून उतरून फरशीवर आलं. पट्टी कुठे आली असेल, हा विचार एकदा येऊन गेला, आणि पाहायला ती उठली नाही.

मग तिकडे दाराचा आवाज झाला. चौकटीत आधी दुपट्टा आला, मग खांदा, मग नानाजी. डोक्यापासून घामाने निथळलेले, धापा टाकणारे. त्यांनी फोनकडे पाहिलं नाही. खाटेवर वाकून धोंडबांच्या बगलेत हात घातले आणि सवयीने, एका दमात त्यांना वर सरकवलं, पाठीमागे उशी कोंबली, भांड्यातलं पाणी ओठांना लावलं. धोंडबा पाणी पिता पिता काहीतरी शिवी देत होते आणि नानाजी मोठ्याने, तोंड उघडून हसत होते. मेघाला ते पाहण्याचा आपल्याला हक्क आहे की नाही, हे ठरवता येईना. बंद करावं असं वाटून तिने बोट पुढे नेलं.

"अबे इकडं पाय," धोंडबा म्हणाले, "तुयी सून अजून ड्युटीवर हाय."

नानाजी वळले. फोन फार जवळ धरल्यामुळे त्यांचं कपाळ, एक डोळा आणि पांढरी भुवई एवढंच दिसत होतं. तो डोळा तिच्याकडे बघत होता. भिंतीकडे नाही, चौकटीकडे नाही. मेघाच्या मनात सांगायचं पुष्कळ होतं, पासवर्डचं, राउटरचं, त्या मघाच्या लाइनीचं.

"नानाजी, मला माहीतच नव्हतं..."

"जेवली का तू?" नानाजींनी विचारलं.

तिला आठवलं, सकाळी फक्त चहा झाला होता.

"नाही."

"मंग जेवून घे वं, बेटा. मी हाओ आता इथं."

त्यांनी फोन पुन्हा खाटेशेजारी टेकवून ठेवला, जरा तिरपाच, आणि दोघं गप्प बसले. मेघा स्वयंपाकघरात गेली. पोळ्या गार झाल्या होत्या, वरण तिने गरम केलं नाही. ताट घेऊन ती त्याच खुर्चीवर येऊन बसली. चित्र मधेच अडकत होतं, मधेच सुटत होतं. पहिला घास तोंडात घालताना तिचे डोळे भरून आले, तरी ती जेवत राहिली, हळूहळू, शेवटच्या घासापर्यंत.